तीन सेकंदांनंतर वेग १४.७ की २९.४?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी बारावी सायन्सला आहे. चाचणीत गणित होतं : उंचावरून नुसती सोडलेली वस्तू टी सेकंदांत एस = ४.९ टी² मीटर खाली येते, तर ३ सेकंद झाले त्या क्षणी तिचा वेग किती? मुलीने डेरिव्हेटिव्ह (एखादी राशी त्या क्षणी किती वेगाने बदलते आहे ते काढण्याची रीत) घेऊन २९.४ मीटर प्रतिसेकंद काढलं आणि पूर्ण मार्क मिळवले. तुम्ही कॉमर्सचे. तुम्ही सरळ हिशेब केलात : ३ सेकंदांत ४४.१ मीटर, भागिले ३, म्हणजे १४.७. बरोब्बर निम्मं. तुमचं म्हणणं, वेग म्हणजे अंतर भागिले वेळ हे शाळेत शिकवलं, मग यात चुकलं कुठे? आणि दुसरी शंका अशी की एका क्षणात वस्तू हलतच नाही, मग त्या क्षणाचा वेग शून्य भागिले शून्य नाही का होत?

दुसरी शंका पहिलीपेक्षा मोलाची आहे, पण क्रमाने जाऊ.

तुमचा भागाकार चुकलेला नाही, तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. '३ सेकंदांत' आणि '३ सेकंदाला' यांत सगळा फरक आहे. द्रुतगती मार्गावर दोन ठिकाणच्या कॅमेऱ्यांमधलं अंतर आणि लागलेला वेळ यांवरून गाडीचा सरासरी वेग काढता येतो, पण मधल्या एखाद्या वळणावर काटा नेमका कुठे होता ते त्यातून कळत नाही. गाडी एकाच वेगाने चालली असेल तर दोन्ही उत्तरं एकच येतात. शाळेतल्या गणितांत गाडी नेहमी तशीच चालते, म्हणून हा फरक तिथे कधी दिसत नाही. पडणारी वस्तू मात्र क्षणोक्षणी वेग वाढवत असते. सुटताना तिचा वेग शून्य आहे, त्यामुळे पहिल्या सेकंदातली संथ चाल तुमच्या सरासरीला खाली ओढते.

आता डेरिव्हेटिव्ह हा शब्द बाजूला ठेवा आणि प्रत्येक सेकंदात वस्तू किती खाली आली ते पाहा. पहिल्या सेकंदात ४.९ मीटर. दुसऱ्या सेकंदाच्या शेवटी एकूण १९.६, म्हणजे दुसऱ्या सेकंदात १४.७. तिसऱ्यात २४.५. चौथ्यात ३४.३. या आकड्यांचं प्रमाण १ : ३ : ५ : ७ आहे. गॅलिलिओने हेच पाहिलं होतं, पण उभ्या पडणाऱ्या वस्तूवर नाही. तेवढ्या चपळ वस्तूची वेळ मोजायला त्याच्याकडे साधन नव्हतं. त्याने उतरत्या फळीवरून गोळा घरंगळत सोडून चाल मंद करून घेतली आणि भांड्यातून गळणारं पाणी तोलून वेळ मोजली. १६३८ साली त्याने हे छापलं तेव्हा डेरिव्हेटिव्ह नावाची गोष्ट अस्तित्वात नव्हती, न्यूटनचा जन्मही व्हायचा होता.

या आकड्यांतून तिसऱ्या सेकंदाच्या टोकाचा वेग चिमटीत पकडता येतो. तिसऱ्या सेकंदातला सरासरी वेग २४.५, चौथ्यातला ३४.३. वेग सतत वाढतोच आहे, म्हणजे दोघांच्या सीमेवरचा वेग या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असलाच पाहिजे. १४.७ तर त्याच्या आसपासही नाही. एवढ्यावर तुमचा अर्धा प्रश्न सुटतो.

मग १४.७ हा बरोब्बर निम्मा आकडा आला कुठून? वर पाहा, दुसऱ्या सेकंदातली सरासरीसुद्धा १४.७ च आहे. शून्य ते ३ चा मध्य १.५ सेकंद, आणि १ ते २ चा मध्यही १.५ च. वेग एकसारखा, सरळ रेषेत वाढत असेल तर कोणत्याही काळातली सरासरी म्हणजे त्या काळाच्या नेमक्या मध्यावरचा वेग. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या मंडळींनी हे कागदावर सिद्ध केलं होतं. म्हणजे तुम्ही काढलेला वेग खरा आहे, वस्तूला तो एका क्षणी होताही. फक्त तो क्षण ३ सेकंदांचा नाही, दीड सेकंदाचा. वस्तू स्थिर अवस्थेतून सुटलेली असली की शेवटचा वेग सरासरीच्या दुप्पट येणारच. पण हे सगळं वेग एकसारखा वाढतो या अटीवर. ती अट सुटली की 'दुप्पट करा' हा तोडगाही गेला. डेरिव्हेटिव्हला अशी अट लागत नाही, म्हणून तो शिकायचा.

आता शून्य भागिले शून्य. तुम्ही म्हणता तसं थेट शून्य वेळ घेतला तर हाती काही लागत नाही, म्हणून तो घ्यायचाच नाही. ३ सेकंदांपासून पुढे अगदी थोडा वेळ घ्यायचा. ३ ते ३.१ या काळात वस्तू २.९८९ मीटर पडते, सरासरी २९.८९. ३ ते ३.०१ मध्ये सरासरी २९.४४९. ३ ते ३.००१ मध्ये २९.४०४९. मागच्या बाजूनेही या : २.९ ते ३ मध्ये २८.९१, २.९९ ते ३ मध्ये २९.३५१. वरून येणारे आकडे २९.४ कडे उतरतात आणि खालून येणारे २९.४ कडेच चढतात. दोन्हीकडून जो एकच आकडा घेरला जातो, त्यालाच त्या क्षणाचा वेग म्हणायचं असं ठरलेलं आहे. ही व्याख्या आहे, सापडलेली वस्तू नाही. वर्गात मी हे मुद्दाम स्पष्ट सांगतो, कारण बरीच मुलं 'क्षणाचा वेग' म्हणजे काहीतरी गूढ आहे आणि डेरिव्हेटिव्ह ते उलगडून दाखवतो अशा समजुतीत असतात.

आकडे घालत बसण्याऐवजी छोट्या वेळेला एच म्हणा. ३ पासून ३ + एच पर्यंतचं अंतर = ४.९ × [(३ + एच)² − ९] = ४.९ × (६ एच + एच²). याला एचने भागा : २९.४ + ४.९ एच. इथे जरा थांबून पाहा. भागाकार केला तेव्हा एच शून्य नव्हता, म्हणून भागाकार कायदेशीर आहे. भागून झाल्यावर खाली छेदात एच उरलेलाच नाही. आता एच कितीही लहान करा, उत्तर २९.४ ला चिकटत जातं आणि शून्याने भागण्याची वेळ येत नाही.

तुमची शंका पोरकट आहे असं मनात आणू नका. बिशप बर्कलीने १७३४ साली न्यूटनच्या अनुयायांना नेमकं हेच विचारलं होतं : ही राशी शून्य आहे की नाही ते एकदा ठरवा, भागताना नाही आणि नंतर आहे असं कसं चालेल? नीट उत्तर मिळायला एकोणिसावं शतक उजाडलं. कोशी हा फ्रेंच गणिती आणि त्याच्यानंतरच्यांनी लिमिटची, म्हणजे आकडे ज्या किमतीकडे सरकत जातात तिची, व्याख्या पक्की केली तेव्हा कुठे तो वाद मिटला. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ग्रहांची 'तात्कालिक गती' काढली आहे, तीही याच गरजेतून. ग्रहाची चाल दिवसभर एकसारखी नसते, त्यामुळे रोजच्या सरासरी गतीवर ग्रहणासारखा वेळेला काटेकोर हिशेब नीट बसत नाही.

तर इथपर्यंतचं सार : १४.७ ही तीन सेकंदांची सरासरी, २९.४ हा तिसऱ्या सेकंदाच्या टोकाचा वेग, आणि दुसरा आकडा म्हणजे पहिल्याच प्रकारचा भागाकार, फक्त काळ आक्रसत नेऊन केलेला.

हेच ३ च्या जागी टी ठेवून केलं की ४.९ × (२ टी + एच) येतं, म्हणजे शेवटी ९.८ टी. मुलगी 'घात पुढे आणा, घात एकने कमी करा' म्हणून एका ओळीत जे लिहिते ते हेच. तो नियम पाठ असायला माझी हरकत नाही, परीक्षेला तीन तास असतात. मात्र एकदा तिला वरचं एचचं गणित स्वतःच्या हाताने करू द्या.

याच गणितात मुलं आणखी कुठे घसरतात तेही सांगतो, कारण पेपर तपासताना तेच ते दिसतं. पहिलं, टीची किंमत आधी घालणं. एस = ४.९ × ९ = ४४.१, आणि मग ४४.१ चा डेरिव्हेटिव्ह, स्थिरांक म्हणून शून्य! वस्तू हवेत थिजली. एका क्षणी वस्तू कुठे आहे एवढंच कळलं तर ती कशी चालली आहे हे कळत नाही, त्यासाठी आजूबाजूचे क्षणही हाताशी लागतात. म्हणून आधी डेरिव्हेटिव्ह, मग किंमत.

दुसरं चिन्हाचं. अंतर वरून खाली मोजलं तर वेग + २९.४. पण गणितात 'जमिनीपासूनची उंची ४४.१ − ४.९ टी²' असं दिलं असेल तर डेरिव्हेटिव्ह − ९.८ टी येतो आणि उत्तर − २९.४. वजा चिन्ह म्हणजे उंची कमी होते आहे, बाकी काही नाही. वेग विचारला असेल तर चिन्हासकट लिहायचं, चाल विचारली असेल तर नुसतं २९.४.

तिसरं जरा खोल आहे आणि हुशार मुलंच ते विचारतात. मनोरा ४४.१ मीटरचाच असेल, तर ३ सेकंदाला वस्तू जमिनीवर आपटते. आपटली की थांबली. मग त्या क्षणी वेग २९.४ की शून्य? मागून येणारी सरासरी २९.४ कडे जाते, पुढून घेतलेली शून्य देते, कारण ४.९ टी² हे सूत्र जमिनीला टेकेपर्यंतच लागू आहे. दोन्ही बाजूंनी एकच आकडा घेरला जात नाही, म्हणजे काटेकोर बोलायचं तर तिथे डेरिव्हेटिव्ह नाहीच. 'जमिनीवर आदळतानाचा वेग काढा' असं पुस्तकात असतं तेव्हा मागच्या बाजूचं लिमिट अपेक्षित असतं. पुस्तकं हे सांगत नाहीत, सांगायला हवं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. डेरिव्हेटिव्ह सूत्राशी इमानदार असतो. सूत्र वास्तवाशी किती इमानदार आहे याची हमी तो देत नाही. ४.९ हा आकडा गुरुत्व त्वरणाचा, म्हणजे पडताना वेग दर सेकंदाला जितका वाढतो त्याचा, निम्मा. ते त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३. महाराष्ट्राच्या अक्षांशावर समुद्रसपाटीजवळ ते ९.७९ च्या आसपास असतं. हा फरक किरकोळ आहे, सोडून द्या. सोडून देता येत नाही ती हवा. क्रिकेटचा सीझन बॉल घ्या, वजन साधारण १६० ग्रॅम, व्यास सव्वासात सेंटिमीटरच्या आतबाहेर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरून हिशेब केला, तर ३ सेकंदांनंतर त्याचा वेग २९.४ नव्हे, २४ ते २५ मीटर प्रतिसेकंद निघतो. नेमका आकडा चेंडूच्या शिवणीवर, तो फिरतो आहे का यावर हलेल. पावसाच्या थेंबात तर सूत्राचा पार फज्जा उडतो. एक किलोमीटरवरून सुटलेला थेंब हवेविना जमिनीवर येताना १४० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरने आला असता. प्रत्यक्षात दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सुमारे साडेसहा मीटर प्रतिसेकंदांवर स्थिरावतो आणि मग तसाच पडत राहतो. म्हणून कोकणातला पाऊस छत्रीवर भागतो. तेव्हा परीक्षेत 'हवेचा विरोध दुर्लक्षित करा' हे वाक्य असेल तर २९.४ डोळे मिटून लिहा. ते वाक्य नसलं तरी बारावीपर्यंत तेच अपेक्षित असतं.

तुम्ही शेवटी विचारलं होतंत की हे घरी दाखवता येईल का. येईल, फोनवर. ४४ मीटर म्हणजे चौदा मजले, तसलं काही करू नका. अडीच मीटरवरून चेंडू सोडून त्याचा व्हिडिओ घेतलात तरी पुरे. ट्रॅकर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात व्हिडिओ टाकून प्रत्येक फ्रेममध्ये चेंडू कुठे आहे ते क्लिक करत जायचं. ते सॉफ्टवेअर वेग काढतं तो असा : पुढच्या फ्रेममधली जागा वजा मागच्या फ्रेममधली जागा, भागिले दोन फ्रेमचा काळ. म्हणजे वर मध्यावरच्या क्षणाचं जे सांगितलं तेच.

स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम घेतल्या, तर अडीच मीटर पडून ७ मीटर प्रतिसेकंदावर आलेला चेंडू दोन फ्रेमच्या मधे २९ मिलिमीटर सरकतो. घरात ट्यूबलाइटखाली घेतलेल्या व्हिडिओत शटर जास्त वेळ उघडं राहतं, त्यामुळे चेंडूच्या जागी जवळजवळ तेवढाच लांब फराटा दिसतो आणि क्लिक कुठे करावं हे कळत नाही. गच्चीवर भर उन्हात घ्या. फराटा तरीही आलाच तर प्रत्येक फ्रेममध्ये त्याच्या खालच्याच कडेवर क्लिक करा, कधी वर कधी खाली नको.

इथे एक गोष्ट कागदाच्या उलट घडते. कागदावर एच जितका लहान तितकं उत्तर चांगलं. प्रयोगात तसं नाही. समजा क्लिक करताना पाच मिलिमीटर इकडेतिकडे होतं. दोन फ्रेमचा काळ ०.००८३ सेकंद. दोन्ही क्लिक विरुद्ध बाजूंना चुकले तर दहा मिलिमीटर भागिले ०.००८३, वेगात १.२ मीटर प्रतिसेकंदाची चूक! सातच्या वेगात सव्वाची चूक म्हणजे आलेख करवतीसारखा. त्याऐवजी दहा फ्रेम मागची आणि दहा फ्रेम पुढची जागा घ्या, तीच चूक ०.१२ वर येते. काळ मोठा केला म्हणून सरासरी बिघडेल ही भीती नको. वेग एकसारखा वाढत असताना मध्यावरचा हिशेब काळ कितीही घेतला तरी बिनचूक असतो. फक्त चेंडू सुटण्याआधीची किंवा आपटल्यानंतरची फ्रेम त्यात येऊ देऊ नका.

मोजमापाची पट्टी चेंडू पडतो त्याच पातळीत उभी ठेवा. पट्टी भिंतीला टेकवली, चेंडू भिंतीपासून ३० सेंटिमीटर पुढे पडला आणि फोन भिंतीपासून ३ मीटरवर असला, तर चेंडूची हालचाल ११ टक्के मोठी दिसते आणि त्वरण १०.९ येतं. आणि त्वरण ०.१५ आलं तर दचकू नका. काही फोन २४० फ्रेमचा व्हिडिओ ३० च्या गतीने साठवतात, सॉफ्टवेअर ती वेळ खरी मानतं, वेळ आठपट होते आणि त्वरण चौसष्टपट कमी. सेटिंगमध्ये फ्रेम रेट २४० करा.

सीझन बॉल किंवा मोठी गोटी घेतलीत तर वेग-वेळ आलेख सरळ रेघ येईल आणि तिचा चढ ९.५ ते १० च्या दरम्यान निघेल. एवढ्या साधनांत तेवढंच मिळतं. मग टेबल टेनिसचा चेंडू त्याच उंचीवरून सोडा. पावणेतीन ग्रॅमच्या त्या चेंडूला हवा लगेच अडवते. रेघ सुरुवातीला तशीच चढते, पुढे वाकायला लागते, आणि जमिनीपाशी वेग ७ ऐवजी ६ च्या आसपास भरतो. या चेंडूला ४.९ टी² लागू नाही, 'सरासरीच्या दुप्पट' हेही लागू नाही, तरी मागची-पुढची जागा घेऊन कुठल्याही क्षणाचा वेग काढता येतोच. फक्त रेघ वाकते आहे म्हणून इथे दहा फ्रेमऐवजी पाचच घ्या.